कोरी सीडी घेताना: ‘म्युझिक’ लिहिलेली की ‘डेटा’ची?

एकाच कंपनीच्या कोऱ्या सीडींची दोन पाकिटे शेजारी ठेवा. दोन्हींवर ८० मिनिटे छापलेले, आतल्या चकत्याही दिसायला सारख्याच. पण एकावर ‘म्युझिक’ किंवा ‘ऑडिओ’ असा शब्द असतो आणि तीच महाग असते. गाणी भरायची म्हणून बहुतेक जण महागडी उचलतात. सीडी संगणकावर राइट करणार असाल तर ते जादा पैसे फुकट जातात. घरी स्टीरिओला जोडायचा ऑडिओ सीडी रेकॉर्डर असेल तर गोष्ट नेमकी उलटी होते. स्वस्त म्हणून आणलेली डेटाची सीडी तो डेक घेतच नाही. या दोन चकत्यांत फरक आवाजाचा नसून त्या कुठल्या यंत्रात चालतात याचा आहे. म्हणून आधी यंत्र बघा आणि मगच सीडी निवडा.

फरक लपलाय कुठे?

दोन्ही सीडी १२० मिलिमीटर व्यासाच्या आणि १.२ मिलिमीटर जाडीच्या पॉलिकार्बोनेटच्या असतात. त्यावर रंगद्रव्याचा पातळ थर, त्यावर चांदीचा किंवा क्वचित सोन्याचा परावर्तक थर आणि सगळ्यात वर लॅकर. राइट करताना ७८० नॅनोमीटरचा लेझर त्या रंगद्रव्यावर खुणा भाजतो. ‘बर्न करणे’ हा शब्द त्यावरूनच आला.

लेझरला वाट दाखवायला कारखान्यातच चकतीत एक सर्पिल खाच घातलेली असते. ती अगदी गुळगुळीत नसते, बारीक नागमोडी असते, आणि त्या नागमोडीतच चकतीची माहिती गुंफलेली असते. तिला एटीप म्हणतात. चकती किती मिनिटांची आहे, लेझरची शक्ती साधारण किती लागेल, साचा कोणत्या उत्पादकाचा, हे सगळे त्यात असते. ही चकती ग्राहकांच्या ऑडिओ रेकॉर्डरसाठी आहे की नाही, हा एक छोटा संकेतही तिथेच असतो. ‘म्युझिक’ सीडी वेगळी ठरते ती एवढ्याच संकेतामुळे. तो साच्यातून उमटलेला असल्यामुळे नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने घालता येत नाही आणि काढताही येत नाही.

हा संकेत आला व्यवहारातून. डिजिटल कॉपी मुळाइतकीच चांगली होते, म्हणून ग्रामोफोन कंपन्यांना धास्ती वाटत होती. अमेरिकेत १९९२ साली घरगुती ध्वनिमुद्रणाचा कायदा झाला. डिजिटल ऑडिओ रेकॉर्डरच्या किमतीवर २ टक्के आणि कोऱ्या डिजिटल ऑडिओ माध्यमावर ३ टक्के रॉयल्टी त्याने लागू केली. ती रक्कम गायक, वादक, संगीतकार आणि कंपन्या यांच्यात वाटली जाते. कॉपीवरून पुन्हा डिजिटल कॉपी होऊ नये म्हणून अशा रेकॉर्डरमध्ये एससीएमएस नावाची अडवणूकही त्याच कायद्याने सक्तीची केली. सर्वसाधारण संगणक मात्र या व्याख्येबाहेर राहिला, कारण त्याचा मुख्य उपयोग ध्वनिमुद्रण नाही. त्यामुळे घरगुती डेक रॉयल्टी भरलेलीच सीडी मागतो, आणि संगणकातला रायटर त्या संकेताकडे बघतही नाही.

भारतात कोऱ्या सीडीवर असे शुल्क नाही. इथे ‘म्युझिक’चा शिक्का असलेल्या सीडी दिसतात त्या बहुतेक आयात केलेल्या किंवा परदेशातल्या नातेवाइकांनी पाठवलेल्या. अमेरिकेत वा कॅनडात राहणाऱ्या मराठी घरांत असे डेक अजून सापडतात. आजोबांच्या कॅसेटी सीडीवर उतरवायच्या म्हणून कोणी तो कपाटातून काढतो आणि पहिल्याच चकतीला अडतो.

तुमचे यंत्र कोणते ते ठरवा

संगणकातला किंवा यूएसबीने जोडायचा रायटर असेल तर कोणतीही सीडी-आर, म्हणजे एकदाच लिहिता येणारी कोरी सीडी, चालेल. म्युझिक सीडीवर फोटो आणि कागदपत्रे भरता येतात, डेटा सीडीवर ऑडिओ सीडीही बनते.

टेप डेकसारखा रुंद, समोर ‘रेकॉर्ड’चे बटण आणि मागे लाल-पांढऱ्या आरसीए पिनांच्या जागा असलेला रेकॉर्डर असेल, तर तो घरगुती आहे की व्यावसायिक हे बघा. माहितीपुस्तिकेत ‘फक्त म्युझिक सीडी-आर वापरा’ अशा अर्थाचे वाक्य असेल तर तो घरगुती. स्टुडिओसाठी विकले जाणारे बहुतेक रेकॉर्डर दोन्ही प्रकार घेतात. पुस्तिका हरवली असेल तर डेटाची एक कोरी सीडी घालून बघा. घरगुती डेक ती ओळखून काही सेकंदांत नाकारतो. यात चकतीचे किंवा डेकचे काही बिघडत नाही.

नुसता वाजवायचा प्लेअर असेल तर हा प्रश्नच उद्भवत नाही. तो संकेत वाचत नाही, आत काय लिहिले आहे तेवढेच वाचतो.

एका युक्तीपासून दूर राहा. डेकमध्ये म्युझिक सीडी घालायची, त्याने ती ओळखली की ट्रे जबरदस्तीने उघडून डेटा सीडी सरकवायची, असा सल्ला काही जण देतात. डेकने लेझरच्या शक्तीचा अंदाज पहिल्या चकतीवरून घेतलेला असतो. दुसरीचे रंगद्रव्य निराळे असले तर रेकॉर्डिंग कच्चे किंवा करपलेले होते आणि चकती थोड्याच दिवसांत अडखळू लागते. शिवाय ट्रेचे प्लास्टिकचे दातेरी चाक एकदा तुटले की जुन्या डेकला ते मिळणे कठीण.

पुन्हा लिहिता येणाऱ्या सीडी-आरडब्ल्यूमध्येही म्युझिक आणि डेटा असा फरक आहे, आणि त्यावर वेगाचीही अट आहे. ‘हाय स्पीड’ आणि ‘अल्ट्रा स्पीड’ सीडी-आरडब्ल्यू जुन्या रेकॉर्डरना जमत नाहीत. त्यांना साधी कमी वेगाचीच लागते. सीडी-आरडब्ल्यूवरून प्रकाश सीडी-आरच्या मानाने बराच कमी परततो, म्हणून जुने प्लेअर आणि गाड्यांतले स्टीरिओ ती वाचत नाहीत. रियाजाच्या रेकॉर्डिंगला ती ठीक, दुसऱ्याला द्यायची असेल तर सीडी-आरच घ्या.

पाकीट कसे वाचायचे

पाकिटावरचे बोधचिन्ह नीट बघा. ‘कॉम्पॅक्ट डिस्क’ या अक्षरांखाली नुसते ‘रेकॉर्डेबल’ असेल तर ती डेटाची. ‘डिजिटल ऑडिओ’ आणि ‘रेकॉर्डेबल’ दोन्ही असेल तर ती म्युझिकची. म्युझिकच्या पाकिटावर बहुधा फक्त मिनिटे असतात, डेटाच्या पाकिटावर ७०० एमबी हा आकडाही असतो. गाण्याचे चित्र, हेडफोन किंवा काळ्या तबकडीसारखी छपाई यावर विश्वास ठेवू नका. तबकडीसारख्या दिसणाऱ्या कित्येक सीडी आतून साध्या डेटाच्याच असतात. डेकसाठी घेताना बोधचिन्ह पटले नाही तर एकच चकती घेऊन तपासा आणि मग गठ्ठा घ्या.

वरचे नाव आणि खरा उत्पादक पुष्कळदा निराळे असतात. संगणकात कोरी सीडी घालून इम्गबर्न हा सीडी लिहिण्याचा प्रोग्राम उघडला की उजवीकडच्या चौकटीत एटीपची माहिती येते. तिच्यातला मिनिट-सेकंदांसारखा दिसणारा एक आकडा उत्पादकाची खूण असतो, चकतीची लांबी नव्हे. ९७ मिनिटे २४ सेकंद हा आकडा ताइयो युदेनचा, ९७:१७ मोजर बेअरचा, ९७:२६ सीएमसीचा, ९७:१५ राइटेकचा. ताइयो युदेनने २०१५ साली उत्पादन थांबवले आणि नोएडाची मोजर बेअर २०१८ मध्ये अवसायनात गेली. त्यामुळे या दोघांचा माल आज मिळाला तर तो जुना साठाच समजायचा. जुना म्हणजे वाईट असे नाही, पण लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत कुणाकडे पडून राहिलेला गठ्ठा घेताना वरचे वेष्टन अखंड आहे ना, ते बघा. न लिहिलेले रंगद्रव्यही उन्हाने आणि दमटपणाने खराब होते. एक चकती ट्यूबलाइटसमोर धरा. टाचणीने टोचल्यासारखे उजेडाचे ठिपके दिसले, किंवा कडेला लॅकर सुटून चांदी पांढरट पडलेली दिसली, तर तो गठ्ठा परत करा.

खालच्या बाजूचा रंगही बोलका असतो. हिरवट-निळसर झाक बहुधा सायनिन या रंगद्रव्याची, गडद निळी अ‍ॅझोची. चांदीवर जवळजवळ बिनरंगी दिसते ती थॅलोसायनिनची. जपून ठेवायच्या मालाला थॅलोसायनिन आणि अ‍ॅझो ही जास्त भरवशाची. म्युझिक आणि डेटा या दोन्ही प्रकारांत ही सगळी रंगद्रव्ये सापडतात, हे मुद्दाम लक्षात घ्या.

आवाज बरा येतो का?

नाही. ऑडिओ सीडीवर सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येकी १६ बिटांचे, दोन चॅनेलमध्ये लिहिले जातात. ते अंक चकतीवरून बरोबर वाचले गेले तर आवाज एकच, मग चकती कोणतीही असो. कुठे चरचर किंवा अडखळ ऐकू आली तर दोष चकतीच्या दर्जाचा, राइट करण्याच्या वेगाचा किंवा ओरखड्याचा असतो. पाकिटावरच्या शब्दाचा त्याच्याशी संबंध नाही.

खरा महत्त्वाचा फरक: तुम्ही काय लिहिता

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो इथे. ऑडिओ सीडी आणि डेटा सीडी हे कोऱ्या चकतीचे प्रकार आहेत, तसे लिहिण्याच्या पद्धतीचेही आहेत. संगणकावर फोल्डरमधल्या डब्ल्यूएव्ही किंवा एमपी३ फाइल ओढून सीडीवर टाकल्या की ती डेटा सीडी होते, चकतीवर ‘म्युझिक’ छापलेले असले तरीही. जुना प्लेअर ती वाजवणार नाही.

सीडीवर सेकंदाला ७५ सेक्टर, म्हणजे माहितीचे ठरावीक तुकडे, असतात. ऑडिओत प्रत्येक सेक्टरचे सगळे २३५२ बाइट आवाजासाठी वापरतात. डेटात त्यातले २०४८ बाइटच तुमच्या फाइलचे. उरलेल्यातले २७६ बाइट चुका दुरुस्त करण्याच्या एका जादा थरासाठी आणि बाकीचे ओळख व तपासणीसाठी. म्हणून ८० मिनिटांच्या सीडीत डेटा मावतो सुमारे ७०३ एमबी. तोच आवाज डब्ल्यूएव्ही फाइल म्हणून ठेवला तर ८० मिनिटांऐवजी साधारण ६९ मिनिटे ४० सेकंदच बसतो.

गेलेल्या दहा मिनिटांच्या बदल्यात मोठी सुरक्षितता मिळते. ऑडिओ सीडीवर सुमारे अडीच मिलिमीटरपर्यंतचा सलग खराबा दुरुस्त होतो. त्यापुढे प्लेअर शेजारच्या नमुन्यांवरून अंदाजाने आवाज भरतो. कानाला ते कळत नाही, पण मूळ आवाज तिथे गेलेला असतो. डेटा सीडीत अंदाज चालत नाही. फाइल एकतर जशीच्या तशी मिळते, नाहीतर वाचताना चूक येते. म्हणून ऐकायला ऑडिओ सीडी करा, आणि जतन करायला त्याच आवाजाची फ्लॅक (काहीही न गमावता आकसलेली) किंवा डब्ल्यूएव्ही फाइल डेटा सीडीवर ठेवा. घरातल्या माणसाचा एकमेव आवाज असेल तर दोन्ही करा, शिवाय हार्डडिस्कवरही ठेवा.

संगणकावर ऑडिओ सीडी करताना

१. फाइल ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, स्टीरिओ डब्ल्यूएव्ही करून घ्या. मोबाइलवरचे रेकॉर्डिंग बहुधा ४८ किलोहर्ट्झचे असते. ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या प्रोग्राममध्ये प्रोजेक्टचा दर ४४,१०० करून निर्यात करा. मिनिटाला साधारण १० एमबी धरा.

२. बर्न करण्याच्या खिडकीत ‘ऑडिओ सीडी’ निवडा. विंडोज मीडिया प्लेअरमध्ये हा पर्याय ‘डेटा सीडी’च्या शेजारीच असतो आणि चुकतो तो तिथेच.

३. ‘डिस्क अ‍ॅट वन्स’, म्हणजे सगळी चकती एका दमात लिहिणे, निवडा. ‘ट्रॅक अ‍ॅट वन्स’मध्ये दर दोन ट्रॅकमध्ये दोन सेकंदांची खाच पडते. सुट्या गाण्यांना ते खपते. आलापातून बंदिशीत जाताना तीच खाच सगळा डाव मोडते. ट्रॅक ९९ पर्यंत करता येतात आणि प्रत्येक किमान ४ सेकंदांचा हवा.

४. वेग मधला ठेवा. ५२ एक्स (वाजवण्याच्या ५२ पट वेग) लिहिलेल्या सीडीला १६ ते २४ एक्स बरा. जितके हळू तितके चांगले, हा समज जुन्या चकत्यांच्या काळातला. आजच्या जलद चकत्यांचे रंगद्रव्य पातळ असते. फार हळू लिहिले तर ते जास्त भाजते आणि चुका वाढतात. कमी वेगाची जुनी म्युझिक सीडी हाती असेल तर तिच्यावर लिहिलेल्या वेगाच्या वर जाऊ नका. बहुतेक नवे रायटर १ एक्स किंवा २ एक्सवर लिहीतही नाहीत.

५. शेवटी सीडी बंद करा, म्हणजेच फायनलाइझ करा. न बंद केलेल्या सीडीवर अनुक्रमणिका नसते आणि साधा प्लेअर ती कोरीच समजतो.

डेकवर कॅसेट उतरवताना

टेप डेकच्या ‘लाइन आउट’मधून सीडी रेकॉर्डरच्या ‘लाइन इन’मध्ये आरसीए वायर लावा. हेडफोनच्या भोकातून घेतला तर आवाज फाटण्याची शक्यता वाढते.

पातळी ठरवताना कॅसेटचा सगळ्यात मोठा आवाज शोधा. भजनाची कॅसेट असेल तर सुरुवातीच्या अभंगावर पातळी लावू नका. शेवटच्या विठ्ठलनामाच्या गजरात टाळ-पखवाज एकदम चढतात आणि मीटर लाल होतो. टेपवर तेवढा चढ खपत असे, डिजिटलमध्ये शून्य डेसिबलच्या वरचा भाग कापलाच जातो आणि टाळांचा नाद कडकड होतो. गजराचा तुकडा वाजवून कमाल उंची उणे ६ डेसिबलच्या आसपास ठेवा.

आपोआप ट्रॅक पाडण्याची सोय बंद ठेवा. ती काही सेकंदांची शांतता बघून नवा ट्रॅक टाकते. कॅसेटची सूंऽऽ आवाजाची पातळी जास्त असेल तर शांतता कळतच नाही आणि अख्खी बाजू एकच ट्रॅक होते. उलट हळुवार आलापात नको तिथे ट्रॅक पडतो. त्यापेक्षा हातानेच बटण दाबा.

रेकॉर्डिंग कॅसेटच्या वेगानेच होते, म्हणजे तासाला तास लागणार. ६० मिनिटांची कॅसेट एका सीडीत बसते. ९० मिनिटांची बसत नाही, तिच्या प्रत्येक बाजूला एक सीडी घ्या. शेवटच्या मिनिटात जागा संपून गाणे तुटले तर सीडी-आरवर ते पुसता येत नाही.

फायनलाइझ करायला काही मिनिटे लागतात. या वेळात वीज गेली तर चकती बहुधा वाया जाते. भारनियमनाच्या भागात डेक इन्व्हर्टरवर किंवा यूपीएसवर लावूनच हे काम करा.

डिजिटल वायरने मूळ सीडीवरून कॉपी केली तर एससीएमएस एकदा होऊ देतो. त्या कॉपीवरून दुसऱ्या घरगुती डेकवर डिजिटल कॉपी करायला गेलात की तो नकार देतो. हा बिघाड नव्हे.

लिहून झाल्यावर तपासा

डेटा सीडीचे सोपे आहे. फाइल परत वाचून तिचा चेकसम, म्हणजे फाइलवरून काढलेला पडताळणी आकडा, मूळ फाइलशी जुळवा. ऑडिओ सीडीत एक फसवणूक होते. सीडी परत डब्ल्यूएव्हीमध्ये उतरवून मूळ फाइलशी बाइट-बाइट जुळवली तर जुळत नाही, आणि माणूस चकती खराब समजून फेकून देतो. प्रत्येक ड्राइव्ह वाचताना आणि लिहिताना काही नमुन्यांनी पुढे-मागे सरकतो, एवढेच त्याचे कारण. एग्झॅक्ट ऑडिओ कॉपी या प्रोग्राममध्ये हा सरक भरून काढायची सोय आहे. ती वापरून तुलना करा.

ड्राइव्ह परवानगी देत असेल तर चुकांची तपासणी करा. पहिल्या पातळीच्या, म्हणजे सी१ चुकांची कमाल मर्यादा सेकंदाला सरासरी २२०. चांगली चकती त्याच्या खूप खाली राहते. दुसऱ्या पातळीच्या, म्हणजे सी२ चुका शून्यच हव्यात. नव्या सीडीवर त्या दिसल्या तर वेग बदलून दुसरी चकती लिहा, आणि तीही तशीच आली तर गठ्ठा बदला.

डीव्हीडीचा असाच प्रकार

जपानमध्ये कोऱ्या डीव्हीडी ‘व्हिडिओसाठी’ आणि ‘डेटासाठी’ अशा वेगळ्या विकतात. पहिल्यांत खासगी रेकॉर्डिंगचे शुल्क धरलेले असायचे. टीव्हीवरचे डिजिटल प्रक्षेपण टिपायला लागणारी सीपीआरएम ही सोयही बहुधा त्यांतच असते. जपानहून कोणी डीव्हीडी आणून दिली तर संगणकासाठी कोणतीही चालेल.

ठेवायची कशी

सीडीची नाजूक बाजू वरची असते. लेझर खालून येतो आणि तिथे मिलिमीटरभर प्लास्टिकचे कवच असते. वर मात्र परावर्तक थर आणि तुमचे बोट यांच्यामध्ये लॅकरचा पापुद्राच. वर बॉलपेन चालवू नका. कागदी चिकट लेबलही नको, कारण ते उकलताना चांदी घेऊनच निघते. पाण्याच्या शाईचे मऊ टोकाचे मार्कर वापरा, आणि शक्यतो मधल्या पारदर्शक कड्यावरच लिहा. पुसताना मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल फिरवू नका. गोल ओरखडा ट्रॅकच्या दिशेने जातो आणि सलग आवाज खातो, आडवा ओरखडा दर फेऱ्याला थोडाच लागतो.

अमेरिकेच्या मानक संस्थेने सुचवलेली हवा आहे ४ ते २० अंश सेल्सिअस आणि २० ते ५० टक्के दमटपणा. कोकणात किंवा गोव्यात जून-सप्टेंबरात ती घरात मिळणार नाही. चकत्या कडक डबीत उभ्या ठेवा. डब्या झाकण घट्ट बसणाऱ्या प्लास्टिकच्या पेटीत घाला, त्यात सिलिका जेलची पुडी टाका आणि ती पेटी बाहेरच्या भिंतीला न टेकणाऱ्या कपाटात ठेवा. पावसाळा सरला की पुडी बदला आणि पेटीतली एखादी चकती पुन्हा तपासून सी१ चुकांचा आकडा डबीवर तारखेसह लिहून ठेवा. आकडा दुप्पट-तिप्पट झालेला दिसला तर त्याच आठवड्यात नवी प्रत करून घ्या.